बोला की, मास्तर

मास्तर, काल वाचनालयाची माणसं येऊन गेली. तुमची शोकसभा घ्यायची म्हणतात, म्हणून माहिती हवी होती. जन्म कधीचा, सिनेमे किती केले, मुंबईत कोणकोणत्या हॉटेलांत वाजवलं, एखादं पदक वगैरे. मी म्हटलं, मला यातलं काहीच नीट ठाऊक नाही. ते एकमेकांकडं बघायला लागले. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याची जन्मतारीख माहीत नसावी याचं नवल वाटलं असणार. पण ती तुम्हाला तरी कुठं माहीत होती? तुमची आई सांगायची म्हणे, पटकीच्या साथीच्या आदल्या साली झालास. आणि पटकी तर तेव्हा दर दोन-तीन सालांआड यायची.

त्यांना चहा दिला. त्यातल्या एकानं तुम्हाला 'थोर कलावंत' म्हटलं. मी कपबशा उचलल्या. फार थकलेय मी. गेलं वर्षभर तुम्हाला उठवून बसवायचं, पाठीला उशा लावायच्या, खोकल्याची उबळ गेली की पुन्हा आडवं करायचं, यात माझी कंबर गेली. तुम्ही गेलात त्या सकाळी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता जरा पडावं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर नावं ठेवतील. तुम्ही ठेवणार नाही.

गाव तुम्हाला बाजेवाले मास्तर म्हणायचं आणि मला बाई. घरातही आपण तेच म्हणत राहिलो. मी जिंतूरच्या मुलींच्या शाळेत नवीन लागले होते. सोळाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई, भावाच्या हट्टानं शिकले आणि नोकरीला लागले. तुम्ही मुंबईहून नुकते परतला होतात, एक पत्र्याची पेटी आणि एक काळी लांबट पेटी घेऊन. शाळेच्या स्नेहसंमेलनात मोठ्या बाईंनी तुम्हाला वाजवायला बोलावलं. तुम्ही पेटीतून तो सॅक्सोफोन काढलात आणि मुली फिदीफिदी हसल्या. "सोन्याची चिलीम," कुणीतरी म्हणालं. मग तुम्ही वाजवायला लागलात. भजन नव्हतं, सिनेमातलं गाणं नव्हतं. एखादा माणूस वाक्य सुरू करतो, मध्येच सोडतो, दुसरं धरतो, पुन्हा पहिल्यावर येतो, असं काहीतरी. मुली गप्प झाल्या.

संपल्यावर तुम्ही मलाच विचारलंत, "बाई, आवडलं का?"

"कळलं नाही."

"मला बी पुरतं कळत न्हाई," तुम्ही म्हणालात. "वाजवायलो की कळायलंय असं वाटतं."

मुंबईत पंचवीस वर्षं काढून आलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या गावची, बोरीची भाषा तशीच होती. मला ते बरं वाटलं. पुढं कितीतरी दिवसांनी समजलं की त्या भाषेपायीच तुमचं नशीब फिरलं होतं.

तुमच्या बोरीतल्या घरचं दुःख निराळं होतं. तुम्ही सिनेमात गेलात हे त्यांनी एक वेळ गिळलं असतं. मूकपटात तुम्ही घोड्यावरून उड्या मारायचात, तलवार चालवायचात, तालमीत घडलेलं अंग होतं. त्यात मर्दपणा होता. पण तुम्ही बाजा तोंडाला लावलात. तुमचे वडील म्हणाले होते, "बाजा आपल्या दारात वाजतो. आपण वाजवत न्हाई." त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काय देणार? खरंच होतं की ते. पिढ्यानपिढ्या वाजवणारे येगळे आणि ऐकणारे येगळे." वडिलांच्या माघारी धाकटे बापूराव घरचे कर्ते झाले. आपण परभणीला जाऊन नोंदणीनं लग्न केलं तेव्हा ते भेटायला आले नाहीत, निरोप तेवढा धाडला: सिनेमा झाला, बाजा झाला, विधवा तेवढी राहिली होती. तुम्ही तो निरोप मला जसाच्या तसा सांगितलात आणि हसलात. मीही हसले.

तुमचे मूकपट मी पाहिले नाहीत. ते आता कुणालाच दिसायचे नाहीत. काही रिळं गोदामाच्या आगीत गेली, काही चांदी काढायला विकली गेली. तुम्हीच सांगितलंत, आणि सांगताना तुमच्या तोंडावर रागलोभ काही नव्हता. "बरं झालं," म्हणालात, "त्यात माझा गुडघा मोडतानाचा शॉट हाय. पुन्हा कशाला बघायचा?" घोड्यावरून पडताना गुडघा खरोखर मोडला होता, दिग्दर्शकानं तेवढंच चांगलं दिसतंय म्हणून ठेवून दिलं होतं. मी तुम्हाला ओळखते तेव्हापासून तुम्ही डाव्या पायानं जरा ओढत चालायचात.

मग बोलपट आला. पहिल्याच दिवशी तुम्हाला मायक्रोफोनपुढं उभं केलं. राजाचा सेनापती, जरीचा अंगरखा. वाक्य उर्दूतलं होतं, आणि उर्दू तर तुम्ही निजामाच्या मदरशात शिकलेले. तुम्हाला वाटलं, आता आपलंच राज्य. वाक्य म्हटलंत, आणि अख्खा सेट हसला. परभणीकडची दखनी होती ती. 'नहीं'च्या जागी तोंडातून 'नक्को' निघालं होतं. पुन्हा घेतलं, पुन्हा हसले. चार-पाच वेळा झाल्यावर कंपनीचा मालक म्हणाला, याला सेनापती नको, नोकर करा, लोक खूश होतील. आणि लोक खूश झाले. पुढची काही वर्षं तुम्ही प्रत्येक बोलपटात धांदरट नोकर होतात. तबक घेऊन यायचं, अडखळायचं, पडायचं, आणि म्हणायचं, "नक्को सरकार!"

त्यातला एक बोलपट आपण दोघांनी पाहिला. आठवतो ना? चारठाण्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, कुठूनतरी जुनी घासलेली फिल्म. तुम्हाला यायचं नव्हतं, मीच ओढून नेलं. तुम्ही पडद्यावर आलात, इतके तरुण, कपाळावर केसांची बट, आणि दारात आल्या आल्या अशा काही नजाकतीनं घसरलात की तबकातला एकही पेला पडला नाही, पडलात ते तुम्ही एकटेच. "नक्को सरकार!" तंबू हसून फुटला. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. शेजारी बघते तर तुमची जागा रिकामी. तुम्ही बाहेर बैलगाड्यांपाशी जाऊन उभे होतात. मी मात्र शेवटपर्यंत बसले.

परत येताना तुम्ही म्हणालात, "तुमी हसल्या."

"हसले. हसण्यासारखंच होतं ते."

"ते माझ्या बोलण्याला हसत होते."

"मी तुमच्या पडण्याला हसले. एवढं सुंदर पडता येतं कुणाला?"

तुम्हाला ते पटलं नाही. आपला तो वाद कधी मिटला नाही, मास्तर. तुमचं म्हणणं, माणसाच्या आईची बोली हसण्यावारी नेली की त्याचं पुढचं सगळं बोलणंच खोटं पडतं. माझं म्हणणं, त्यांनी काहीही नेलं असेल, तुम्ही जे केलंत ते कसबाचं होतं आणि कसबाला दाद मिळाली. दहा वर्षं तरी हे अधूनमधून चाललं. भाकरी थापतानासुद्धा. आजही मला माझंच खरं वाटतं. पण तुम्ही समोर बसून नाही म्हणत नाही, तर त्या खरं वाटण्यात काही चव राहिली नाही.

तुम्ही सॅक्सोफोन का धरलात, याचं कारण तुम्ही एकदाच सांगितलंत आणि ते मला कायमचं लक्षात राहिलं: बाजाला कुणी गाव विचारत नाही. धोबी तलावाला तुमच्या खोलीशेजारी पास्कल नावाचे गोव्याचे गृहस्थ राहायचे. मूकपटांच्या काळात पडद्यापुढं बसून व्हायोलिन वाजवायचे ते. बोलपटानं त्यांचीही रोजी गेली होती. दोघं बेकार, एका जिन्यावर बसून विड्या ओढणारे. त्यांनी तुम्हाला सुरांच्या खुणांची लिपी शिकवली, आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. मोठ्या हॉटेलातल्या बँडात तुम्हाला लावून दिलं. तिथं जॅझ वाजायचं. काळा कोट, गळ्यात बो, नाव जॉनी. साहेबलोक नाचायचे आणि बोरीच्या पाटलाचा थोरला लेक त्यांना ताल द्यायचा. तुम्ही म्हणायचात, त्या वर्षांएवढं सुख पुन्हा झालं नाही.

आणि तिथंच तो अमेरिकन भेटला. काळा माणूस, ट्रम्पेट वाजवणारा, मुंबईत काही महिने होता. एका दुपारी तालमीनंतर त्यानं विचारलं, तू कुठला? तुम्ही मोडक्या इंग्रजीत सांगितलं, लांब, आत, जिथं कापूस होतो तिथला. तो एकदम सरसावून बसला. म्हणाला, आमच्याकडंही कापूस. माझा आजा गुलाम होता, मालकाच्या रानात कापूस वेचायचा. आणि मग म्हणाला, "तुमच्याकडं कोण वेचतं?"

तुम्ही म्हणालात, "आमची माणसं."

तो म्हणाला, "तुमची म्हणजे? घरची?"

हे तुम्ही मला ओट्यावर बसून सांगितलंत. जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या समोरून चालल्या होत्या, गाडीतून उडालेला कापूस काट्यांना अडकला होता. "मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "काहीच न्हाई. तो मला आपल्यासारखा समजायला होता, बाई. त्याच्या आज्यासारखा. आणि मी मालकाकडचा. कसं सांगू?" दुसऱ्या दिवशी त्यानं तुमच्यासाठी आपल्या वाटणीतला एक मोठा तुकडा सोडला, उभं राहून एकट्यानं वाजवायला. तुम्ही वाजवलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं मिठी मारली. तुम्हाला आत कुठंतरी लबाडी केल्यासारखं वाटत राहिलं.

मग दारूबंदी आली, हॉटेलांतली गर्दी ओसरली, बँड मोडले. पास्कल गोव्याला गेले आणि तुम्ही इकडं. पण बोरीला नाही. बोरीच्या इतक्या जवळ येऊन जिंतूरलाच थांबलात.

इथं तुम्ही लग्नाचा बँड उभा केलात. वाजवणारी माणसं कुठली मिळणार? ज्यांच्या घरात बाजा आहे त्यांच्याचकडची. त्यात सखाराम आला. बोरीपलीकडच्या एका वाडीतल्या महारवाड्यातला, बापाच्या हातात हलगी असलेला, विशीतला पोरगा. तुम्ही त्याला तुमचं क्लॅरिनेट दिलंत. पुढं तो लग्नाचा झाला, बाप झाला, तुमच्यापेक्षा चांगला वाजवायला लागला. तुम्ही हे त्याच्यादेखत म्हणायचात आणि तो दरवेळी लाजायचा. बाजाच्या तोंडाची वेताची पत्ती झिजली की तुम्ही दोघं ब्लेडनं घासून तिला पुन्हा बोलती करायचात, कारण नवी पत्ती मुंबईहून येईतो लगीनसराई सरायची. मला वाटतं, पास्कलनंतर तुम्हाला मित्र मिळाला तो सखारामच.

मग ते साल आलं. विधानसभेत औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पावसाळ्याचे दिवस, रानात कपाशी गुडघ्याएवढी. रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव कानावर यायचं. एका सकाळी सखाराम बायकोला, पोरांना आणि म्हाताऱ्या आईला घेऊन दारात उभा. अंगावरच्या कपड्यांनिशी. घर जळालं होतं. क्लॅरिनेटही जळालं होतं. ते सांगताना त्याचा आवाज फुटला, घराचं सांगताना फुटला नव्हता.

तुम्ही लगेच उठलात. पुढची खोली मोकळी केलीत, स्वतः. माझ्या आधी तुम्ही चुलीपाशी जाऊन चहा टाकलात. ते कितीतरी दिवस आपल्याकडं राहिले. गल्लीनं आपल्या आडावर पाण्याला येणं कमी केलं, मग बंद केलं. मला शाळेत बाया टाळायला लागल्या. तेही निभावलं असतं. पण एके दिवशी बापूराव आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या दाराशी.

आत आले नाहीत. ओट्यावरच उभ्या उभ्या म्हणाले, "दादा, हे काय चालवलंय? गावात तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई आमाला."

तुम्ही डोळ्यांवरचा चष्मा काढलात.

"लोक म्हणायलेत, तुमच्या भावानं त्यांना घरात घेतलंय. उद्या आमच्या गंजीला कोणी काडी लावली मंग?"

तुम्ही म्हणालात, "बापू, बस. चहा घेऊन जा."

"चहा नको मला. काय ते एक सांगा."

आत सखारामची आई कानात प्राण आणून ऐकत होती. मीही. तुम्ही सांगाल असं वाटलं. तुम्ही नुसते बसून राहिलात, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत. बापूराव निघून गेले. तुम्ही त्यांना हो म्हणाला नाहीत, सखारामलाही राहा म्हणाला नाहीत. दोघांनाही तुमच्या गप्प बसण्यातून काय घ्यायचं ते घ्या म्हणालात. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. "बोलपट येऊन जमाना झाला, मास्तर. आता तरी बोला की!"

तुम्ही म्हणालात, "बोललो तर ते हसतील, बाई."

"कोण हसतंय आज? घरं जळायलीत तिथं!"

तुम्ही मान खाली घातलीत. तुमच्या त्या खाली घातलेल्या मानेचा मला किती राग यायचा, आणि तिची किती दयाही यायची.

पुढचं देवगाव फाट्यावर झालं. जाळपोळीला वर्षाच्या वर होऊन गेलं होतं. सखारामनं नवं घर उभं केलं होतं, नवं क्लॅरिनेट मिळवलं होतं, बँडात परत आला होता. माझ्या शाळेतल्या सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न आटोपून आपण सगळे फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. टळटळीत दुपार. सखाराम तुमच्याशेजारी दगडावर येऊन बसला.

"मास्तर, परभणीला मोर्चा हाय. नामांतराचा. आमची पोरं म्हणायलीत बाजा पाहिजे. तुमी पुढं राहिलाव तर..."

तुम्ही म्हणालात, "मी मिरवणुकीत वाजवत न्हाई, सखाराम. माझा बाजा त्यातला न्हाई."

तो अगदी हळू म्हणाला, राग नव्हता त्यात, "मास्तर, ज्यांनी माझं घर जाळलं त्यांच्या पोरीच्या लग्नात आपण गेल्या महिन्यात वाजवलं. मी वाजवलं. तुमी म्हणलाव म्हणून वाजवलं. ती मिरवणूकच होती की."

एसटी आली. तो बसला नाही. मागच्या गाडीनं येतो म्हणाला, आणि मग तो आपल्या घरी वर्षानुवर्षं आला नाही. त्यानं आपला निराळा बँड केला.

तुम्ही त्यानंतर एकही लग्न वाजवलं नाहीत. सुपारी घेऊन माणसं यायची, तुम्ही म्हणायचात, दम लागतो. तेव्हा तुम्हाला दमा नव्हता, मास्तर. मला माहीत होतं. पोटापाण्याचं माझ्या पगारावर चाललं. मी कितीदा विचारलं, हे सखारामसाठी आहे का? त्याला एकदा जाऊन सांगा. तुमचं न वाजवणं त्याला कसं ऐकू जाणार? तुम्ही म्हणायचात, "त्याला कळंल." मी म्हणायचे, नाही कळत कुणाला. तुम्ही म्हणायचात, "मग न्हाई कळलं तर न्हाई." हा आपला दुसरा वाद. तो तर कधी धड सुरूच झाला नाही. माझ्या मनात अजून आहे की तुम्ही जायला हवं होतं. परभणीच्या रस्त्यावर, उन्हात, सखारामच्या पुढं नाही तर मागं. पाय न ओढता चालायची गरज नव्हती. ओढत चालला असता तरी चाललं असतं.

मग खरंच दमा आला. माणूस ज्याचं निमित्त करतो ते एक दिवस खरं होऊन येतं, असं माझी आई म्हणायची. परभणीच्या दवाखान्यातले हेलपाटे, पंपाचं औषध, वाफारे. शेवटी शेवटी तुम्ही सॅक्सोफोन मांडीवर घेऊन नुसती बोटं चालवायचात. फुंकायला वारा नव्हता. मी भाजी निवडत बसायचे आणि मला त्या बोटांचा टकटक आवाज यायचा, कळांखालच्या चामड्याच्या गाद्यांचा. खरं सांगते, कधी कधी त्या टकटकीचा कंटाळा यायचा. कधी वाटायचं, ही थांबू नये.

दिवाळी होऊन गेल्यावर सखाराम आला. कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही. केस पांढरे झालेले. दारात चपला काढल्या, तुमच्या खाटेशी बसला. तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचं निघेल. तुम्ही विचारलंत, "पत्ती कुठून आणतूस आता?"

"औरंगाबादला मिळत्यात, मास्तर."

"चांगल्या?"

"तशाच. घासाव्या लागत्यात."

मग खूप वेळानं तुम्ही म्हणालात, "बदललं का नाव?"

"न्हाई मास्तर. अजून न्हाई."

"मग?"

"मग काय. चालायलोत."

"थकला असशील."

"थकलो की. लय थकलो. पण बसलो न्हाई."

तुम्ही त्याचा हात धरलात. एवढंच. त्यानंतर तो दिवसाआड यायचा, तुम्हाला उठवायला मला हात द्यायचा. त्याच्या हातानं तुम्ही पेज प्यायलात, माझ्या हातानं पिताना तोंड वाकडं करायचात. मला त्याचा मत्सर वाटला नाही. पाठीला जरा आराम मिळाला.

तुम्ही गेल्यावर बापूराव आले, मुलांना घेऊन, जीपमधून. फार म्हातारे झालेत. माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "वहिनी, दादाला बोरीला नेतो. आपल्या रानात."

मी म्हटलं, "न्या." भांडायचं त्राण नव्हतं. आणि खरं तर मला वाटलंही, न्यावं. इतक्या वर्षांनी कुणीतरी न्यायला आलंय. "पण खांदा सखाराम देईल," मी म्हटलं.

त्यांनी सखारामकडं बघितलं, मग जमिनीकडं. "वहिनी, मला त्या गावात राहायचंय. माझ्या पोरांना राहायचंय."

"मग मास्तरांना राहू द्या इथंच."

एवढंच बोलणं झालं. तुम्हाला जिंतुरातच नेलं. सखाराम पुढं डावीकडं होता. बायका स्मशानात जात नाहीत, मी गेले. कुणी अडवलं नाही, अडवायचं कुणाला सुचलं नसावं. बापूराव परत जातील असं वाटलं होतं, पण ते जीप तिथंच सोडून मागून चालत आले, हातात वहाणा घेऊन. तिरडीला खांदा लावला नाही त्यांनी. अग्नी मात्र त्यांनी दिला. हात इतका कापत होता की पेटती काडी सखारामनं मनगट धरून स्थिर केली. बापूरावांनी मनगट सोडवून घेतलं नाही. एकमेकांशी ते एक शब्द बोलले नाहीत. तुम्हाला शोभेल असंच झालं सगळं.

मी सखारामला म्हटलं होतं, वाजव काहीतरी. तो म्हणाला, "आज न्हाई जमायचं, बाई. ओठ थरथरायलेत."

दहावा-तेरावा झाला. मग गेल्या आठवड्यात तो सांगायला आला, परभणीला मोर्चा आहे, चार दिवस येणं होणार नाही. मी धान्य पाखडत होते. काय झालं ठाऊक नाही. मी म्हटलं, "मी येते."

"तुमी?"

"का? मला पाय नाहीत?"

"पाय हायेत बाई, पण..." तो माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "पाणी घ्या संगं. ऊन असतंय."

तर मी जाऊन आले, मास्तर. तुमच्याशी एवढी वर्षं ज्या रस्त्यासाठी भांडले त्या रस्त्यावर स्वतः कधी पाय ठेवला नव्हता. मला घोषणा देता आल्या नाहीत. शब्द तोंडात बसत नव्हते. नुसती चालले. सखारामचा बँड पुढं होता, त्याचं क्लॅरिनेट लांबून ऐकू यायचं, गर्दीत हरवायचं, पुन्हा यायचं. सरकारी कचेरीपुढं सगळे भर उन्हात बसलो. निवेदन घेतलं कुणीतरी येऊन. तसं ते दरवेळी घेतात, असं शेजारची म्हणाली. गयाबाई तिचं नाव. तिनं आपल्या पोत्याचं टोक माझ्याकडं सरकवलं, फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"कोणाच्या तुमी, माय?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"ते गेले म्हणं."

"गेले."

तिनं मिरचीचा ठेचा तेवढा माझ्या भाकरीवर घातला.

परतताना ट्रकमध्ये बायाबायांत बसले. दुपार कलायला लागली होती, ऊन तिरपं आत येत होतं. गयाबाई म्हणाली, "टेका जरा. दमलाव तुमी." मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तुम्ही खाटेला खिळलात तेव्हापासून अशी झोप लागली नव्हती. ट्रक हादरत होता, कुणी गात होतं, मला काही ऐकू आलं नाही. उठले ती थेट जिंतूरच्या स्टँडवर. त्याच रस्त्यावर तुमची बोरी लागते. कधी लागली आणि कधी मागं पडली, मला कळलंच नाही.